तिसरा खड्डा

१

सोमवारी सकाळी साडेदहाला खोदणीयंत्राच्या दातात एक मडकं अडकून वर आलं आणि पायाबाईंची वीस वर्षांची अब्रू त्याच्याबरोबर हवेत लटकली.

मडक्याचा तसा काही दोष नव्हता. देखणं होतं बिचारं. काळं-तांबडं, अंगाने पातळ, गळ्याभोवती बोटाने उमटवलेली नक्षी आणि कुठे साधा टवकाही उडालेला नाही. खाली तशीच आणखी सहा होती, एकमेकांना टेकून गोलात मांडलेली. कोणीही जाणकार सांगेल, दीड-दोन हजार वर्षांची तरी असणार. अडचण एवढीच होती की आठ महिन्यांपूर्वी याच जागेबद्दल पायाबाईंनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं : या जमिनीखाली जुनं काही नाही. खुशाल बांधा.

हेच त्यांचं काम होतं. कुणाला घर बांधायचं असो, कारखाना काढायचा असो की सात मजले चढवायचे असोत, पाया खणायच्या आधी त्याला पायाबाईंचा कागद लागे. त्या जागेवर पाच-सहा चाचणीचे खड्डे घ्यायच्या, माती वाचायच्या आणि सांगायच्या, की खाली जुनी वस्ती आहे का, थडगी आहेत का, असतील तर इमारत कुठे सरकवावी. खरं नाव कधीच मागे पडलं होतं. बँकेतसुद्धा त्यांना पायाबाईच म्हणत.

जागेच्या मालकिणीचा फोन आला तेव्हा त्या नाश्ता करत होत्या. नवरा शेजारी बसून कोडं सोडवत होता. हा गृहस्थ शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाला होता. आता बायकोचे नकाशे काढायचा, तिची गाडी चालवायचा आणि दिवसभर तिची थट्टा करायचा. तिन्ही कामं तो सारख्याच निष्ठेने करत असे.

"काय झालं गं?"

"सुताराच्या जागेत मडकी निघाली."

"तुझ्या जागेत?" नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याला एवढंच विचारायचं होतं, आणि तेवढ्यानेच पायाबाईंनी बशी बाजूला सारली.

वीस मिनिटांत गाडी सुतारकामाच्या कारखान्यापाशी पोचली. नवऱ्याने ती फाटकातून झपकन आत घेतली, एका हाताने. आत चौदा कारागीर हाताची घडी घालून उभे होते, यंत्र बंद होतं, आणि खड्ड्याभोवती सरकारी पिवळी पट्टी बांधून झाली होती. पट्टीच्या पलीकडे वारसा खात्याचा निरीक्षक उभा होता.

"या बाई," तो म्हणाला. "मला फार वाईट वाटतंय."

त्याला त्या ओळखत नसत्या तरच नवल. काही महिन्यांपूर्वीपर्यंत नऊ वर्षं तो त्यांच्याच हाताखाली काम करत होता.

२

निरीक्षकाने सगळं नीट दाखवलं. शिकवलंच होतं तसं त्याला. मडकी कारखान्याच्या कचेरीत टेबलावर मांडली होती, प्रत्येकाखाली कागद, कागदावर क्रमांक.

"आठ महिन्यांपूर्वी आपण इथे पाच खड्डे घेतले, बाई. ही जागा तुमच्या तिसऱ्या खड्ड्यापासून सहा फुटांवर आहे. मी स्वतः टेपने मोजलं. तुमच्याच नकाशावरून, फाटकाच्या डाव्या खांबापासून. नकाशात तिसरा खड्डा त्या खांबापासून आत बेचाळीस फूट आणि उजवीकडे अठरा फूट. मडकी निघाली ती आत बेचाळीस आणि उजवीकडे चोवीसला."

"कोणी आणून पुरली असतील तर?"

"कधी? आपले खड्डे बुजले, दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याने फरशा बसवल्या, आणि दुपारी त्यावर ओंडके रचले गेले. आज सकाळपर्यंत इथे दोन पुरुष उंच ओंडके होते. क्रेनने उचलले ते, आज उजाडल्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लगेच फरशा काढल्या आणि यंत्र चालू झालं. मधे उंदीरसुद्धा आत शिरला नसता."

पायाबाईंनी एका मडक्यात बोट घातलं. आत माती होती, काळी आणि पिवळी मिसळलेली, आणि बोट सहज दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. या जागेत वर तीन फूट काळी माती, खाली पिवळी, आणि त्यांची सरमिसळ कुठेच नाही, हे त्यांना पाठ होतं.

"ही माती भुसभुशीत आहे," त्या म्हणाल्या. "दोन हजार वर्षांत माती बसून घट्ट होते."

"यंत्राने हादरली असेल. आणि त्या काळी कोणी खड्डा खणून ही पुरली असणार, तेव्हा माती मिसळणारच. हेही तुम्हीच शिकवलंत." तो उद्धटपणे बोलला नाही. उलट खिशातला कागद काढताना त्याची मान खाली होती. "गुरुवारी अकरा वाजता मोठे साहेब इथेच सुनावणी घेणार आहेत. तुमचा परवाना ठेवायचा की नाही, ते ठरेल. आणि तोवर आसपासच्या पन्नास पावलांत सगळी खोदाई बंद."

बाहेर मालकीण वाट पाहत होती. आपला नवरा वारल्यावर या बाईने करवतीपासून हिशोबापर्यंत सारा कारखाना अंगावर घेतला होता. जुनी शेड पाडून झाली होती, नवीन व्हायची होती, आणि मधल्या काळात चौदा माणसं एका भाड्याच्या गोदामात अंग चोरून काम करत होती.

"किती दिवस थांबावं लागेल?" तिने विचारलं.

"मडकी खरी ठरली तर दोन वर्षं."

"दोन वर्षांत माझ्याकडे करवतीशिवाय कोणी उरणार नाही हो, बाई. तुम्ही 'बांधा' म्हणालात म्हणून मी शेड पाडली."

ती रागावून बोलली असती तर परवडलं असतं. ती नुसती पायाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

३

मंगळवारी पायाबाई चौकशीला निघाल्या. नवरा बरोबर होताच. आठ महिन्यांपूर्वी शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता, तेव्हापासून काठी घेऊन चालायचा, पण गाडीतून उतरला की सगळ्यांच्या पुढे.

पहिला नंबर शेजारच्या बिल्डरचा. ही जागा विकत मिळावी म्हणून तो तीन वर्षं मालकिणीच्या मागे लागला होता. त्यामुळे नवऱ्याने तर वाटेतच निकाल देऊन टाकला होता.

बिल्डर मोठ्यांदा हसला. "पायाबाई, तुमचा संशय मला कळतो. पण जरा या खिडकीशी."

खिडकीखाली त्याच्या स्वतःच्या इमारतीचा खड्डा होता. त्यात गुडघाभर पाणी साचलं होतं, पंप बंद होता आणि कडेला तीच पिवळी पट्टी फडफडत होती.

"पन्नास पावलांत खोदाई बंद! मी पण त्या पन्नास पावलांतच की! माझं तळघर बुडालंय, माणसं बसून आहेत. शेजारणीला अडवायला मी स्वतःच्या पायावर असा दगड पाडून घेईन? आणि मडकी निघालेली जागा मी घेऊन करू काय, लोणचं घालू?"

पायाबाई जिना उतरल्या.

दुसरा नंबर मालकिणीच्या दिराचा. त्याला कारखाना नको होता, जागा विकायची होती, आणि हे तो येता-जाता सगळ्या जगाला सांगत असे. तो कचेरीत रंगाचे डबे मोजत बसला होता.

"वहिनीचं काम थांबलं, तुम्हाला बरं वाटलं असेल," नवऱ्याने सरळ तोंडावर विचारलं.

"बरं? काल बिल्डरने मला तोंडावर सांगितलं, आता फुकटसुद्धा नको तुमची जागा! विकायची माणसाने आणि वर मडकी पुरून ठेवायची, इतका मी बावळट दिसतो का तुम्हाला?"

"नाही, तितका नाही," नवरा म्हणाला. पायाबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

तिसरा गवंडी. फरशा त्याने बसवल्या होत्या आणि फाटकाचं कामही त्याचंच. तो दुसऱ्याच एका भिंतीवर चढून बसला होता आणि तिथूनच बोलला.

"मी सकाळी आलो तेव्हा खड्डा बुजलेला होता, बाई. चांगला धुमसून सपाट केलेला. मी वाळू पसरली, फरशा ठेवल्या. मला मडकी-बिडकी काय माहीत? उलट आदल्या दिवशी माझी दोन माणसं खड्डा भरायला आली होती, त्यांना दुपारीच घरी पाठवलं तुमच्या लोकांनी."

"माझ्या लोकांनी?"

"मग कोणाच्या? मी काय तिथे होतो?" आणि तो विटेवर थापी आपटत पुन्हा कामाला लागला.

बुधवारची दुपार झाली तरी हाती काही नव्हतं. बिल्डर सुटला, दीर सुटला, गवंड्याला काही कारण नव्हतं. नवऱ्याने नकाशावर पुन्हा पुन्हा मापं टाकली आणि दर वेळी ते सहा फूट तसेच आले.

"फोनवर जागा बघू का?" तो म्हणाला.

"बघा."

त्याने बघितली. "यात तू आत्ता शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात आहेस."

एरवी पायाबाई हसल्या असत्या. त्या उठून तोंड धुवायला गेल्या, आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

४

"चल, जरा हवा खाऊन येऊ," नवरा म्हणाला आणि त्यांना जबरदस्तीने गाडीत बसवलं.

त्यांच्या घराजवळची गल्ली अरुंद होती. समोरून टेम्पो आला तसा नवऱ्याने काच खाली केली, हात बाहेर काढून बाजूचा आरसा मिटला आणि गाडी अंग चोरून पुढे काढली.

"थांबा!" पायाबाई ओरडल्या. नवऱ्याने इतक्या जोरात ब्रेक लावला की मागच्याने हॉर्नच धरून ठेवला.

"काय झालं?"

"आरसा! अहो, कारखान्याच्या फाटकात आपण दर वेळी आरसा मिटायचो. आठवतंय? एकदा तुम्ही विसरलात आणि नवीन आरसा बसवावा लागला. सोमवारी नाही मिटला तुम्ही. काल नाही मिटला. एका हाताने आत घेतलीत गाडी!"

भूमितीच्या मास्तराला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने गाडी वळवली.

फाटकाचा डावा खांब जुन्या कोरीव दगडाचा होता. आठ महिन्यांपूर्वी होता तोच दगड, तीच झिजलेली कड, तोच चुन्याचा डाग. म्हणून तर कोणाला शंका आली नव्हती. पायाबाई सरळ जमिनीवर बसल्या, पिशवीतली थापी काढली आणि खांबाच्या उजवीकडे खडी बाजूला करत सरकू लागल्या. एक फूट. दोन फूट. चार. लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. सहाव्या फुटावर थापी टणकन वाजली. खडीखाली चौकोनी चुनेगच्ची बैठक होती, मधोमध खांब बसवायची खाच.

"जुना खांब इथे होता," त्या म्हणाल्या. "डावीकडे सहा फूट हलवलाय. म्हणजे नव्या खांबापासून जे चोवीस, ते जुन्यापासून..."

"अठरा," नवरा म्हणाला. त्याने काठी खड्ड्याकडे रोखली. "मडकी तिसऱ्या खड्ड्यापासून सहा फुटांवर नाहीत. तिसऱ्या खड्ड्यातच आहेत!"

गलका ऐकून मालकीण धावत आली होती. पायाबाईंनी तिचा हात धरला.

"हा खांब हलवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मालकीण गोंधळली. "म्हणजे काय? ट्रक आत यायचे म्हणून फाटक रुंद करा, पण जुना दगड टाकू नका, तोच सहा फुटांवर बसवा, असा निरोप आला होता. फोन भाऊजींनी घेतला."

"कोणाचा निरोप?"

"बाई, तुमच्याच ऑफिसातून."

५

घरी आल्यावर पायाबाईंनी चहा केला आणि प्यायचा विसरल्या.

"फोन कोणीही करू शकतो," नवरा म्हणाला. "पुरुषाचा आवाज होता, एवढंच तो दीर सांगतोय. बिल्डरच्या माणसाने तुझ्या ऑफिसचं नाव घेतलं असेल."

"तिसरा खड्डा खणला त्या दिवसाची तारीख बघा."

नवऱ्याने वही उघडली, तारीख वाचली आणि आपल्या पायाकडे बघितलं. शिडीवरून पडला तो दिवस.

"दुपारी दवाखान्यातून फोन आला," पायाबाई म्हणाल्या. "खड्डा खणून झाला होता. तळ मोजला होता, पाच फूट. खाली मूळची पिवळी माती, काही नाही. बुजवायचा तेवढा राहिला होता. मी मदतनिसाला म्हटलं, तू बघ, आणि तुमच्याकडे पळाले. आणि संध्याकाळी कागदावर लिहिलं, 'माझ्या समक्ष बुजवला.'"

"समक्ष नव्हता बुजवला."

"नव्हता. खोटं लिहिलं मी. एक ओळ, पण खोटी. उद्या हे सांगितलं नाही तर माझं म्हणणं उभंच राहत नाही, आणि सांगितलं तर परवाना माझ्याच तोंडाने जाईल."

नवऱ्याने वही मिटली. मग त्याने थंड झालेला चहा त्यांच्यासमोर सरकवला. "सांगशील ना?"

"सांगेन की. घाबरून घाबरून सांगेन, पण सांगेन."

गुरुवारी अकराला मोठे साहेब आले. कृश, करड्या भुवयांचा माणूस, बोलण्यात पाल्हाळ नाही. खड्ड्याभोवती मालकीण, दीर, गवंडी, चौदा कारागीर जमले. बिल्डरही आला होता. त्याचंही तळघर बुडत होतं.

पायाबाईंनी आधी आपली खोटी ओळ सांगितली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या खरडण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मग नवऱ्याने जुन्या बैठकीपासून टेप धरला. बेचाळीस आत, अठरा उजवीकडे. टेपचं टोक मडक्यांच्या खड्ड्यावर आलं, तसा कारागिरांत गलबला झाला.

"गप्प बसा," साहेब म्हणाले आणि निरीक्षकाकडे वळले. "काय म्हणणं आहे?"

निरीक्षकाने टेपकडे बघितलं. मग हळूच बोलला. "मापात माझी चूक झाली, साहेब. खांब हलला हे मला माहीत नव्हतं. पण याने बाईंची बाजू आणखी पडते. त्यांचा खड्डा पाच फुटांवर थांबला. मडक्यांची बुडं सहा फुटांवर होती. म्हणजे मडकी त्यांच्या तळाखालीच होती. त्या एक फूट आधी थांबल्या आणि 'काही नाही' लिहून मोकळ्या झाल्या."

साहेबांनी भुवया उचलल्या. खरंच की! मडकी खड्ड्यातच असली तरी ती आत्ताच पुरलेली आहेत हे त्यातून थोडंच ठरत होतं?

पायाबाईंनी पदर खोचला आणि खड्ड्यात उतरल्या.

६

"साहेब, आमच्या धंद्यात एक रीत आहे," खड्ड्यातून आवाज आला. "जिथे आमचं खणणं संपतं, तिथे बुजवायच्या आधी आजच्या काळातली एखादी वस्तू ठेवतो. उद्या कोणी पुन्हा खणलं तर त्याला कळावं, की इथवर आधी कोणी येऊन गेलंय. कोणी नाणं ठेवतं. मी न्हाणीघराच्या पांढऱ्या टाइलचा तुकडा ठेवते, मागे तारीख आणि सही. दवाखान्यात पळायच्या आधी या खड्ड्यात तो मी माझ्या हाताने ठेवला. पाच फुटांवर."

"मग?"

"मडकी माझ्या तळाखाली आधीपासून असतील, तर टाइल त्यांच्या वर असणार. सोमवारी यंत्राने उपसलेल्या ढिगात ती सापडायला हवी. काल गवंड्याच्या माणसांनी तो सगळा ढीग चाळला. नाही सापडली."

"यंत्राखाली चुरा झाला असेल," निरीक्षक म्हणाला. पण त्याच्या आवाजातला हळुवारपणा गेला होता.

"झाला असेल. म्हणून मी मडक्यांच्या खाली खणते आहे."

"तिथे आता काय आहे, बाई? मूळची माती आहे ती! साहेब, पुरावा खराब होतोय!"

"खणू द्या त्यांना," साहेब म्हणाले.

थापी माती खरवडू लागली. एक बोट. काही नाही. दिराने घसा खाकरला. नवऱ्याने काठीवर दोन्ही हात घट्ट धरले होते. आणखी एक बोट, आणि मग पिवळ्या मातीत एक पांढरा ठिपका दिसला. पायाबाईंनी थापी टाकून दिली आणि बोटांनी माती बाजूला केली. टाइलचा तुकडा सपाट, अगदी पातळीत बसवलेला होता. त्यांनी तो उलटा केला आणि वर साहेबांच्या हातात दिला. मागे काळ्या शाईत आठ महिन्यांपूर्वीची तारीख आणि त्यांची वळणदार सही.

"सहा फूट, दोन बोटं," नवऱ्याने टेप वाचला, आणि शाळेतल्या आवाजात पुन्हा ओरडला, "सहा फूट, दोन बोटं! मडक्यांच्या खाली!"

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांखाली माझी सही!" पायाबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते. "साहेब, मी गेल्यावर कोणीतरी ही टाइल उचलली, फूटभर आणखी खणलं, मडकी मांडली आणि खड्डा भरला. पण मडकी मांडण्याआधी त्याने काय केलं? टाइल पुन्हा नव्या तळाशी ठेवली. सपाट, पातळीत, सही खाली करून."

साहेबांनी टाइल बोटांत फिरवली. "का ठेवली?"

"तेच तर! गवंड्याच्या हाती लागती तर राडारोड्यात गेली असती. बिल्डरच्या माणसाने भिरकावली असती. दिराने बघितलीही नसती. ही टाइल जपून ठेवेल असा माणूस एकच प्रकारचा, ज्याच्या हाताला वर्षानुवर्षं वळण लागलंय, की खणणं संपलं तिथे खूण ठेवायचीच. खोटं करतानाही त्याला ती टाकवली नाही. त्या दिवशी या फाटकाच्या आत त्या वळणाची माणसं दोनच होती. त्यातली एक दवाखान्यात होती. दुसऱ्याने गवंड्याच्या मजुरांना दुपारीच घरी पाठवलं, एकट्याने खड्डा भरला, मग मडकी माझ्या खड्ड्याबाहेरची दिसावीत म्हणून माझ्या ऑफिसातूनच फोन करून खांब हलवला. पुढे नोकरी बदलून याच जागेवर देखरेख मागून घेतली आणि मोजताना तोच खांब धरला."

सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळले. निरीक्षकाने टाइलकडे बघितलं. मग तो खड्ड्याच्या कडेवर खाली बसला.

"मडकी कुठली?" साहेबांनी विचारलं.

"एका म्हाताऱ्या संग्राहकाच्या घरातली. यादी करायला गेलो होतो. ही पेटी यादीत घातलीच नाही." तो साहेबांशी बोलत होता, पण बघत होता पायाबाईंकडे. "नऊ वर्षं, बाई. नऊ वर्षं मी तुमच्यासाठी खणलं आणि दर वेळी लिहिलं, 'काही आढळले नाही.' चारशेबारा अहवाल! माझ्या बरोबरीची पोरं शहरं शोधतायत, आणि मी लोकांच्या मोऱ्यांखाली काही नाही हे शोधत होतो. एकदा... फक्त एकदा काहीतरी माझ्या नावावर सापडावं, एवढंच हवं होतं."

पायाबाईंना त्याच्यावर संताप आला होता, आणि पोटात तुटतही होतं. दोन्ही त्यांनी लपवलं नाही.

"गाढवा! चारशेबारा वेळा 'काही नाही' लिहिलंस म्हणून चारशेबारा ठिकाणी लोक निश्चिंत झोपतायत. तुझ्या शब्दावर पाया घातला त्यांनी. यापेक्षा मोठं काय सापडायचं होतं तुला?"

साहेबांनी त्याच्याकडून ओळखपत्र मागून घेतलं, मडकी पेटीत भरायला सांगितली आणि स्वतःच्या हाताने पिवळी पट्टी तोडली. मग वही उघडून ते पायाबाईंसमोर उभे राहिले.

"खोट्या ओळीबद्दल तुम्हाला लेखी ताकीद मिळेल."

"मिळायलाच हवी."

"परवाना राहील. आणि पुढच्या महिन्यात आमच्या सगळ्या निरीक्षकांना येऊन शिकवा, ही टाइल घेऊन." त्यांचे ओठ किंचित हलले. ते बहुधा हसणं होतं. "आता या जागेबद्दल तुमचं म्हणणं लिहून द्या. निरीक्षकाच्या जागी मीच सही करतो."

पायाबाई खड्ड्यातून वर आल्या. हाताला धरून मालकिणीनेच ओढलं त्यांना. साडी गुडघ्यापर्यंत मातीने भरली होती, केस सुटले होते, आणि चौदा कारागीर, बिल्डर, दीर, गवंडी सगळे श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते.

"खाली काही नाही!" त्या इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "बांधा!"

आधी कोणीतरी करवतीच्या पात्यावर हातोडी मारली, मग सगळ्यांनीच हाताला येईल ते बडवायला सुरुवात केली. त्या गोंगाटात यंत्रवाला आपल्या जागेवर चढला. नवऱ्याने काठी उंच करून त्याला इशारा दिला, आणि यंत्राने खोदायला सुरुवात केली.